लुगड्यांचं गाठोडं आणि दाजी

वडील कोकणात लुगडी विकायला निघाले तेव्हा मला वाटलं होतं, यंदा आम्ही दोघंच जाऊ. सोलापुरात आमचे दोन माग होते. त्यातला एक मी चौदाव्या वर्षापासून चालवत होतो. पण ऐन निघण्याच्या दिवशी वडील म्हणाले, "दाजी बी येत्यात." दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. स्वतःचा माग बंद पडल्यावर तो आमच्याकडं येऊन राहिला होता. माणूस गोड बोलायचा आणि सातवी पास होता. वडील त्याला "जावईबापू" म्हणायचे आणि चहाचा पहिला कप त्याच्यापुढं सरकवायचे. मला तेव्हापासूनच तो खुपत होता.

कुर्डुवाडीहून छोट्या रुळांच्या आगगाडीनं मिरज, पुढं कोल्हापूर, आणि तिथून पायी. मोटारी मोठ्या घाटानं जायच्या, पण आमची गिऱ्हाइकं जिथं होती तिथं मोटार पोचत नव्हती. म्हणून आम्ही जुन्या पायवाटेनं उतरायचो. तिघांच्या पाठीवर तीन गाठोडी. घाटमाथ्यावर वडिलांनी दाजीच्या गाठोड्यातली सहा लुगडी काढून माझ्यात घातली.

"त्येंना सवय न्हाय," ते म्हणाले.

मला तरी कुठं जन्मजात सवय होती? तरी मी आणखी दोन मागून घेतली. वडिलांनी बघावं म्हणून. त्यांनी बघितलं नाही.

उतार वाईट होता. पावसानं वाट धुऊन नेली होती आणि पायाखाली नुसती सुटी खडी उरली होती. एक पाऊल टाकलं की दोन पावलं आपोआप जायची. खांद्यात दोऱ्या रुतत होत्या. वडील पुढं, मधे दाजी, मागं मी. वडील दर वळणावर थांबायचे आणि विचारायचे, "जावईबापू, जमतंय न्हवं?" माझ्यापर्यंत काही तो प्रश्न आला नाही. मनात आलं, पडावा हा एकदा.

आणि तो पडला. खडी सरकली, दाजी बसल्या बसल्या चार हात खाली घसरत गेला आणि एका झुडपाला धरून थांबला. गाठोडं मात्र पाठीवरून सुटलं आणि उड्या मारत घळीत गेलं. मला क्षणभर बरं वाटलं. हे आजही लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

वाटलं, आता वडील चिडतील. पण ते खाली बसले, दाजीचा खरचटलेला पाय मांडीवर घेतला आणि धोतरानं पुसू लागले. "माल गेला तर जाऊ दे, माणूस हाय की," म्हणाले. माझा पाय त्यांनी असा कधी हातात घेतल्याचं मला आठवत नव्हतं. मी पाठीवरचं ओझं तिथंच टाकलं आणि कुणाला न विचारता घळीत उतरलो.

दगड माझ्याबरोबर गडगडत होते. गाठोडं एका कपारीत अडकलं होतं. ते पाठीला बांधून हातापायांवर वर येईस्तोवर नखं फुटली. आता तरी शाबासकी मिळेल म्हणून मी वडिलांपुढं उभा राहिलो.

"तुला कुणी सांगितलं हुतं?" ते ओरडले. "अक्कल हाय का न्हाय?" आणि पाठ फिरवून चालू लागले.

पायथ्याच्या ओढ्यावर वडील पुढं हातपाय धुवायला गेले, तेव्हा दाजी माझ्याजवळ बसला. हळूच म्हणाला, "तुमी घळीत हुता तवा मामा लई थरथरत हुते. खाली बघवंना त्येंना. माझा हात धरून बसले हुते."

मी उठून गाठोडं पाठीवर घेतलं. वडील माझ्यासाठी थरथरले होते, आणि तेही बघायला मिळालं होतं ते त्यालाच.