व्याजाची आजी

व्याजाची आजी घरात आली की आधी भिंती चाचपायची. पायरीवर पाय धुवायची, छत्री कोपऱ्यात उभी करायची आणि कुणाशी काही न बोलता ओटीच्या भिंतीवरून तळहात फिरवत थेट स्वयंपाकघरापर्यंत जायची. शेतकरी सकाळी उठून बांधावरून चक्कर मारून येतो, तसं तिचं चालायचं. गिलावा फुगलेला हाताला लागला की थांबायची आणि म्हणायची, “बाय, हितं ओल धरलीया. पावसाच्या आधी कौलं चाळून घ्या.” मग पाटावर बसून पाणी मागायची. माझ्या नव्या घरात कुणी परक्या बाईनं असं फिरावं, याचा मला पहिल्या दिवसापासून राग यायचा. पण बोलणार काय? घर तिच्याकडे गहाण होतं.

हे पौडच्या कचेरीत कारकून होते. लग्नानंतर भाड्याच्या एका खोलीत दोन वर्षं काढली आणि मग तीन खोल्यांचं कौलारू घर विकायला निघालं. आमच्याजवळ जेमतेम निम्मे पैसे. कचेरीतल्या शिपायानं उरवड्याच्या या म्हातारीचं नाव सांगितलं. तिच्याजवळ पैसे होते आणि ते तिला कुठंतरी विश्वासानं लावायचे होते. दहा वर्षांच्या मुदतीचं गहाणखत झालं. मुद्दल मुदतीत कधीही फेडावं, व्याज मात्र दर पुनवेला द्यावं, असं ठरलं. आमची थोरली सुमन बोलायला लागली तेव्हा तिनं पाहुणीचं नाव व्याजाची आजी ठेवून टाकलं. मी ओशाळले, पण आजी इतकी हसली की तिच्या डोळ्यांना पाणी आलं. पुढं तीच दारातून हाक मारायची, “व्याजाची आजी आली गं.”

ते पैसेही साधेसुधे नव्हते. मुळशीचं धरण झालं तेव्हा आजी तरणी सासुरवाशीण होती. घर, गोठा, भाताची खाचरं, सगळं पाण्याखाली गेलं आणि नुकसानभरपाई म्हणून नवऱ्याच्या हातात नोटा आल्या. दुसरीकडे शेत घ्यायचं म्हणत म्हणत तो बिचारा वारला. मूलबाळ नव्हतं. आजी पुतण्याकडे उरवड्याला येऊन राहिली, पण नवऱ्याच्या त्या पैशांना तिनं हात लावला नव्हता. “माझी जिमीन पान्यात गेली आन् तिचं पैकं तुझ्या भितीत हायेत,” ती मला समजावायची, “म्हंजी हीच की माझी जिमीन.” तेव्हा मला ते म्हातारीचं बोलणं वाटायचं. सावकारी अंगात मुरली की माणूस असंच बोलतं, असंही मी एकदा ह्यांना म्हणाले होते.

आता गंमत अशी की व्याज द्यायच्या दिवशी लोक तोंड चुकवतात, आणि आमच्या घरी त्या दिवशी खीर व्हायची. ती चाल आजीनंच पाडली. पहिल्याच पुनवेला येताना तिनं आंबेमोहोर तांदळाचं गाठोडं आणलं आणि आज याची खीर कर म्हणाली. मग दर पुनवेला काही ना काही यायचंच. कधी वाल, कधी हुलगे, उन्हाळ्यात पानाच्या द्रोणात करवंदं. आजी नेते त्याच्यापेक्षा आणते जास्त, ही धंद्यात बुडणार, असं हे तिला चिडवायचे. सुमनची वेणी तिनंच घालायची, धाकट्या वसंताला मांडीवर घेऊन तिनंच भरवायचं. दुपारी मधल्या खोलीत घोंगडीवर घटकाभर लवंडायची, चहा घ्यायची आणि ऊन उतरलं की निघायची. हे तिच्या हातात पैसे ठेवायचे. ती न मोजता पदराच्या गाठीत बांधायची. मोजून घ्या की, असं ह्यांनी एकदा म्हटलं, तर म्हणाली, “घरच्याच मानसाकडचं मोजून घेत्यात व्हय?”

एकदाच तिला रागावलेली पाहिली. त्या महिन्यात ओढाताण होती म्हणून मी मुलांचं दूध बंद करून त्यांना कोरा चहा दिला होता. तिच्या ते लक्षात आलं. तिनं गाठीतले पैसे सोडले आणि माझ्यासमोर ठेवले. “पोरांच्या तोंडचं काढून दिल्यालं मला पचायचं न्हाई,” ती म्हणाली. “गहान भिती पडल्यात, तुमी न्हाई. खावा, प्या, हिंडा. ऱ्हायलं तर माझं द्या.” पुढच्या पुनवेपर्यंत ते पैसे तिनं घेतलेच नाहीत. घरावर कर्ज असलं तरी घर सुतकी ठेवायचं नसतं, हे मला तिनं शिकवलं. आणि मी ती विद्या तिच्यावरच वापरली.

झालं असं, की एका संक्रांतीला कचेरीतल्याच एका कारकुनाची बायको हळदीकुंकवाला आली आणि चार बायकांत हसत म्हणाली, तुमच्या घरमालकीणबाई नाही का आल्या आज? बाकीच्याही हसल्या. मला ते असं लागलं की पुढच्या बाईला वाण द्यायचंच राहिलं. त्या रात्री मी ह्यांना सांगितलं, मुदतीची वाट बघायची नाही, हे घर आधीच सोडवायचं. हे म्हणाले, घाई काय आहे, म्हातारी काही मागत नाही. मी ऐकलं नाही. शिवणाचं जुनं यंत्र घेतलं आणि गावातली पोलकी, झबली, शाळेच्या चड्ड्या शिवायला लागले. मुलांचं दूध तोडलं नाही, दिवाळी चुकवली नाही, एकदा पुण्याला सर्कससुद्धा पाहून आलो. हौसमौज सांभाळून कर्ज फेडते आहे याचा मला फार गर्व होता. पुनवेला आजी आली की मी यंत्रावरून उठायची नाही, एवढंच. मुलं होती ना तिच्याजवळ.

याच काळात एका वैशाखात आजी आम्हा सगळ्यांना धरणाकाठी घेऊन गेली. पाणी उतरलंय, माझं गाव दाखवते म्हणाली. एसटीनं गेलो, पुढं चाललो. दशम्या, कांदा, कैरीची चटणी असं सगळं तिनंच बांधून आणलं होतं. पोरांनी पाण्यात दगड मारले, ह्यांनी वसंताला आंघोळ घातली. आजी मला घेऊन काठावर बसली आणि हात लांब करून एकेक खाचर दाखवायला लागली. प्रत्येकाला नाव होतं. कुठलं सासऱ्यानं फोडलेलं, कुठलं तिच्या लग्नाच्या साली पेरलेलं, सगळं सांगत होती. मी हं हं म्हणत होते. माझ्या डोक्यात शाळेच्या चड्ड्या होत्या. दिवाळीपर्यंत इतक्या शिवल्या तर मुद्दलात इतके जमतील, असा माझा हिशेब चालला होता. बऱ्याच वेळानं ती गप्प झाली, तेव्हा मी म्हटलं, किती छान असेल नाही हो. ती माझ्याकडे बघून नुसती हसली.

दहा वर्षांचं कर्ज सहाव्या वर्षी फिटलं. तिला आधी काही सांगायचं नाही, असं मीच ठरवलं. पुनवेला पुरणाचा घाट घातला. तिच्यासाठी हिरवं लुगडं आणलं. जेवणं झाल्यावर पितळी ताटात सगळं मुद्दल मांडलं, वर हळदकुंकू वाहिलं आणि ताट तिच्यापुढं ठेवलं. ती खूश होईल, पाठीवरून हात फिरवील, असं मला वाटत होतं.

आजीनं नोटा उचलल्या आणि मोजायला घेतल्या. अंगठ्याला थुंकी लावून, एकेक, सावकाश. चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. सहा वर्षांत ती पहिल्यांदाच आमचे पैसे मोजत होती. मोजून झाल्यावर ह्यांना म्हणाली, “बराबर हायेत, भाऊसायब.” मग माझ्याकडे वळली. “धरणाच्या सायबानंबी असंच मोजून दिलं व्हतं, बाय. पैकं घ्या म्हनला, आन् उठा. आता तुमीबी उठवलंत.”

मी घाईघाईनं म्हटलं, असं काय बोलता आजी, घर तुमचंच आहे, दर पुनवेला यायचं. ती म्हणाली, “कशापायी येऊ?” मी म्हणाले, जेवायला. हा शब्द तोंडातून गेला आणि ह्यांनी मान खाली घातली. मला तेव्हाही उमगलं नाही. आजी शांतपणे म्हणाली, “जेवाया म्या कुनाच्या दारी जात न्हाई, लेकी. माझ्या जिमिनीवर आल्ये तर खात व्हत्ये.” ओच्यातून गहाणखत काढून तिनं पाटावर ठेवलं. लुगडं घेतलं, माझा मान राखायला. निघताना भिंतीला हात लावला नाही. छत्री घेतली आणि सरळ पायऱ्या उतरली.

पुढच्या पुनवेला मी खीर केली. मुलं पायरीवर बसून राहिली. त्याच्या पुढच्या पुनवेलाही केली. मग मी उरवड्याला गेले. पुतण्यानं त्या पैशांची बैलजोडी घेतली होती. आजी पडवीत बसली होती. तिनं उठून मला पाट दिला, गुळाचा चहा दिला, मुलांची चौकशी केली, पाहुणीची करतात तशी. मी रडवेली होऊन म्हटलं, चला ना आजी, सुमन वेणी घालू देत नाही मला. तिचा चेहरा क्षणभर हलला. मग म्हणाली, “घर पुन्यांदा गहान पडलं तर बोलीव. लगोलग यीन.” आणि हसली. घरी आल्यावर देवापुढं दिवा लावताना माझ्या मनात आलं, पडावी एखादी अडचण, जावं घर गहाण. ज्या घरासाठी मी डोळे फोडून घेतले, त्या घरासाठी मी हे मागितलं. ह्यांना सांगायचा धीर झाला नाही.

अडचण काही आली नाही. आमचं सगळं छान चाललं होतं. दुसऱ्या वर्षी भाताच्या लावणीच्या दिवसांत आजी गेली. ते आम्हाला बाजारात भेटलेल्या उरवड्याच्या एका माणसाकडून कळलं, तेव्हा तिचे दिवसही होऊन गेले होते.

त्यानंतरच्या वैशाखात मुलांनी हट्ट धरला म्हणून पुन्हा धरणाकाठी गेलो. पाणी चांगलंच उतरलं होतं. चिखलातून बांधांच्या ओळी वर आल्या होत्या, एकामागं एक, कितीतरी. सुमन आता मोठी झाली होती. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आई, तुला आजीनं सगळी खाचरं दाखवली होती ना, नावं सांगून? त्यातली तिची कुठली?

मी एकेका ओळीवरून नजर फिरवली; सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मग पोरीचं समाधान व्हावं म्हणून समोर हात केला आणि म्हटलं, ती बघ, ती.