खंडेनवमीला ड्रिलची आंघोळ

“मॅडम, कोबाल्ट महागलं म्हणून तुम्ही आमच्या ड्रिलमध्ये कमी टाकलं. व्हय का नाय?”

औताडे साहेबांचं वाळूजला मशीन शॉप आहे. मी त्यांना ड्रिल पुरवणाऱ्या कंपनीत ॲप्लिकेशन इंजिनीअर, म्हणजे ड्रिल बिघडला की बोलणी खाणारी.

आमचे ड्रिल कार्बाइडचे. कार्बाइड म्हणजे चिक्की समजा. शेंगदाणे टंगस्टन कार्बाइडचे, गूळ कोबाल्टचा. बॅटरीवाले, विमानांची इंजिनं बनवणारे, चुंबकवाले सगळे हाच गूळ मागतात. त्यामुळे भाव चढला की संशय आमच्यावर.

दसऱ्याची सुट्टी संपली होती. संध्याकाळी पंप कंपनीला भोकं पाडलेल्या भागांचा ट्रायल लॉट द्यायचा होता. तो पास झाला तरच पुढची ऑर्डर. आणि ड्रिलच्या धारेचे कण गळत होते.

मी भिंगातून पाहिलं. धारेवर बारीक खड्डे होते. कपाटात त्याच मालातला, दुसऱ्या मापाचा सीलबंद ड्रिल होता. तो लावला. सरळ भोक पडलं.

“माल चांगला आहे. हे ड्रिल सुट्टीत कुठं होते?”

“पूजेला. आईनं लख्ख केले.”

खंडेनवमीसाठी पाचोडहून आलेल्या त्यांच्या आई दारातच बसल्या होत्या. “लिंबू-मिठाच्या पाण्यात रातभर ठेवले. देवाची भांडी तशीच घासते मी.”

पाणी टबात तसंच होतं, फिकट गुलाबी.

“कुंकू उतरलं असंल,” औताडे म्हणाले.

“कुंकू कधी लावलं, आजी?”

“पाण्यातून काढून, पुसल्यावर. वल्ल्यावर कुंकू लावीत असत्यात का?”

“साहेब, मग हा गुलाबी रंग कोबाल्टचा. गूळ इथं आहे.”

औताडेंनी टबात वाकून पाहिलं. मग इतके हसले, की ऑपरेटर मशीन बंद करून बघायला आले. “मॅडम, चोर घरातच निघाला!”

“चोर कोणाला म्हणतो रं?” आजी कडाडल्या.

आंबटानं फक्त वरचा थर खाल्ला होता. तो ग्राइंडरवर घासून काढला, धार पुन्हा लावली. दुपारी भोकं मापात पडू लागली. संध्याकाळी लॉट गेला आणि पास झाला. औताडेंनी सगळ्यांना इमरती खाऊ घातली, मला दोन.

तेव्हापासून तक्रार आली की मी बाजारभावाच्या आधी पूजेची चौकशी करते.

त्या दिवशी निघताना आजींनी विचारलं, “मंग यांना पुसायचं कशानं?”

“कोरड्या फडक्यानं.”

“एवढंच? मंग एवढी शिकलीस कशाला गं?”