दवंडीची चौथी जागा

भिका लहांगे आमच्या पंचायतीचा शिपाई. खाकी सदरा त्याला पंचायतीनं दिला होता, पण तो आधीच्या धिप्पाड शिपायाच्या मापाचा, त्यामुळे आतला भिका शोधावा लागायचा. सकाळी कचेरी झाडायची, सरपंचांची खुर्ची पुसायची, नळाचं पाणी सोडायचं, आणि गावाला काही कळवायचं असलं की वनस्पती तुपाचा रिकामा डबा गळ्यात अडकवून दवंडी द्यायची. पगार पहिल्या तीन कामांचा होता, जीव मात्र चौथ्यात.

आमचं खैरगाव बोईसरपासून आत, डोंगराच्या अंगाला. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. अक्षर बरं म्हणून पंचायतीच्या बाहेरचा बातम्यांचा फळा माझ्या गळ्यात पडला होता. ज्यांना वाचता येई त्यांच्यासाठी माझा फळा आणि उरलेल्या सगळ्या गावासाठी भिका, अशी वाटणी होती. खरं सांगायचं तर माझा फळा कुणी बघत नसे. भिकाची दवंडी ऐकायला बायका हातातलं काम टाकून दारात येत, कारण तो पदरचे चार शब्द घातल्याशिवाय सोडायचा नाही. उद्या पाणी येणार नाही, आजच भरून ठेवा, मग माझ्या नावानं बोंब मारू नका. लस टोचायला डॉक्टर आलाय, पोरं लपवू नका, मला सगळ्यांची घरं ठावी हायत. ग्रामसेवक त्याला यावरून झापायचे. तो मान हलवायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

दवंडीच्या जागा ठरलेल्या होत्या, चार. मारुतीचं देऊळ, मासळीचा ओटा, शाळेचं फाटक आणि करंजपाड्यातला वाघोबा. पहिल्या तीन जागा गावात होत्या. सातपाटीच्या मासळीवाल्या बायका ओट्यावर बसायच्या, त्याही भिकाला दवंडी पुन्हा द्यायला लावायच्या, नुसती गंमत म्हणून. चौथी जागा मैलभर लांब. करंजपाडा म्हणजे अकरा घरं, कारवीच्या कुडाची, शेणानं सारवलेली. पाड्याच्या तोंडाशी करंजाखाली शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड. भिकाची थोरली बहीण नवसी याच पाड्यात दिली होती. नवरा वारल्यावरही ती तिथंच राहिली, लेक आणि जावयासोबत.

पाड्यातली माणसं भात झोडून झालं की वीटभट्टीवर जायची. मुकादमाचा ट्रक यायचा. म्हातारीकोतारी तान्ह्या पोरांना धरायला सोबत, कोंबड्यासुद्धा टोपलीत घालून सोबत. निघताना सगळे वाघोबापुढं उभे राहायचे आणि जिवल्या, म्हणजे पाड्यातला जाणता माणूस, देवाला मोठ्यानं सांगायचा की आम्ही चाललो, घरं तुझ्या ताब्यात. मग वैशाखात परत येईपर्यंत पाड्यात काय घडलं ते वाघोबानं बघायचं. कुणाचा निरोप असला तरी तो दगडापुढं बोलून ठेवायचा. निरोप देवाजवळ ठेवला म्हणजे पोचला, अशी त्यांची रीत. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. पण त्या पाड्यातलं एक मडकं कधी चोरीला गेलं नाही, हेही मी पाहत होतो.

चौऱ्याऐंशी सालच्या पौषात पंचायतीनं ठराव केला. बोईसरच्या कारखान्यांमुळे आमचा आठवड्याचा बाजार फुगला होता. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसायची आणि आदल्याच महिन्यात एक बाई टेम्पोखाली येता येता वाचली होती. नव्या बाजाराला आणि एस.टी.च्या थांब्याला मोकळी जागा हवी होती. सरकारी कागदात करंजपाड्याची जागा पड जमीन म्हणून लागलेली. अकरा घरं तीन पिढ्या तिथं होती, पण कागदावर ती कधी चढलीच नव्हती. ठरावावर कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत कळवावी, अशी नोटीस निघाली. मी ती फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिली. भिकानं डबा गळ्यात अडकवला.

तीन जागा करून तो पाड्यात गेला आणि तसाच परत आला. ग्रामसेवकांपुढं उभा राहून म्हणाला, पाड्यात कोणी नाही, सगळे भट्टीवर गेलेत, ते आल्यावर देतो. मी तिथंच खडूचा डबा ठेवायला गेलो होतो. ग्रामसेवकांनी मान वर केली नाही.

"भिका, तुझं काम दवंडी द्यायचं. ऐकायचं काम लोकांचं. जा, चौथी जागा करून ये."

माणूस वाईट नव्हता तो. त्याला महिनाअखेर कागद तालुक्याला पाठवायचा होता, एवढंच. सरपंचांनी मुद्दाम पौष निवडला असं गावात पुढं लोक म्हणायचे. मला तसं वाटत नाही. पाडा गावात आहे की नाही हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच नव्हतं, मग मुद्दाम कशाला निवडायला हवा?

भिका पुन्हा गेला. अकरा बंद दारांसमोर, वाघोबापुढं उभा राहून त्यानं डबा वाजवला आणि सबंध नोटीस बोलला, एकदा नव्हे, तीनदा. देवाला सांगितलं की हा निरोप माझ्या माणसांसाठी आहे, पोचता कर. संध्याकाळी पंचनामा झाला. चारी ठिकाणी रहिवाशांच्या समक्ष दवंडी दिली, असा मजकूर. पंच म्हणून एक सही हॉटेलवाल्या बन्सीची, दुसरी माझी. आम्ही दोघं गावातले कायमचे पंच. बन्सीनं चहा गाळता गाळता सही केली, मी वह्या तपासता तपासता. वाचलं दोघांनीही नाही.

त्या रात्रीपासून भिकाचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. देवाला सांगितलंय, पण देव भट्टीवर जाईल का, असं त्यानं मला एकदा विचारलं, आणि मी हसण्यावारी नेलं. रविवारी तो एस.टी.नं मनोरला गेला आणि तिथून मुंबईच्या दिशेनं हमरस्त्यानं पायी. माणसं कुठल्या भट्टीवर असतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. नवसीनं सांगितलेलं फक्त "तिकडं खाली". तिकडं खाली म्हणजे नदीकाठच्या शेकडो भट्ट्या. दिसेल त्या भट्टीवर त्यानं करंजपाड्याचं नाव विचारलं. एका ठिकाणी मुकादमानं हाकललं, एका ठिकाणी दुसऱ्याच तालुक्यातल्या बायकांनी त्याला भाकरी दिली. सोमवारी दुपारी परतला तो सुजलेल्या पायांनी. एक दिवस गैरहजर म्हणून बोलणी खाल्ली, आणि पुन्हा रजा मागितली ती मिळाली नाही.

मग तो माझ्याकडं आला. पाड्याच्या वतीनं मी आंगठा दिला तर चालेल का, म्हणाला. मी ग्रामसेवकांना विचारलं. पंचायतीच्या नोकराला पंचायतीच्या ठरावाविरुद्ध हरकत घेता येत नाही, असं उत्तर आलं. ते मी त्याला सांगितलं. मास्तर म्हणून मला तिथं आणखी काही सुचायला हवं होतं. मीच हरकत लिहू शकत होतो. पण शाळेच्या दोन खोल्यांचे पत्रे सरपंचांच्या शब्दावर अडकले होते, आणि मी बायकोपोरं घेऊन परगावाहून आलेला माणूस. तीस दिवस संपले. मी फळ्यावर लिहिलं, "नियोजित बाजाराच्या जागेबाबत कोणाचीही हरकत आलेली नाही." खाली रेघसुद्धा ओढली.

वैशाखाच्या अखेरीस ट्रक आला. पाड्यातली माणसं उतरली तेव्हा अंगणातून चुन्याच्या रेघा गेल्या होत्या आणि नवसीच्या चुलीमागं एक खुंटी ठोकलेली होती. जिवल्या ओरडला नाही, रडला नाही. तो कचेरीत आला, पायरीशी बसला आणि दिवसभर बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यानं तालुक्याला जाऊन कुणाकडून तरी अर्ज लिहून घेतला, की आम्हाला काहीच कळवलेलं नाही. अर्जाला गुण आला म्हणायचं, कारण चौकशीला एक साहेब यायचं ठरलं. साहेब म्हणे नेक होता. दवंडीच दिली नाही असं निघालं तर नोटीस रद्द होईल, सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आणि पाड्यातली माणसं तेव्हा घरी असतील, असं ग्रामसेवकच घाबरून बोलून गेले.

म्हणजे सगळं भिकाच्या शब्दावर आलं. चौकशीच्या आदल्या दिवशी मी त्याला शाळेमागं गाठलं. म्हटलं, दिली नाही म्हणून सांग. आळस केला म्हण, ताप होता म्हण. फार तर नोकरी जाईल, पण अकरा घरं राहतील. पंचनाम्याचं आम्ही बघून घेऊ. हे शेवटचं वाक्य मी उगाच बोललो होतो. भिका बराच वेळ डब्याचा पत्रा नखानं खरवडत बसला.

"नोकरीचं नाय मास्तर. वाघोबासमोर दिली हाय मी. तीनदा दिली. तो ऐकत व्हता."

मला संताप आला. दगडापायी बहिणीचं घर घालवतोस का, असं म्हणालो. मग नवसीकडं गेलो, ती तरी समजावेल म्हणून. ती चुलीमागची खुंटी चुकवून भाकऱ्या थापत होती.

"त्याला खोटं बोल म्हनू?" ती म्हणाली. "त्यानं दिली ना दवंडी. आमीच नवतो."

चौकशी पाड्यातच झाली. साहेबांची खुर्ची करंजाच्या सावलीत मांडली, वाघोबापासून चार हातांवर. सावली तेवढी एकच होती. पाडा जमिनीवर बसला. सरपंच, ग्रामसेवक, बन्सी आणि मी एका बाजूला उभे. जिवल्यानं अर्जातलंच पुन्हा सांगितलं, आम्हाला काहीच कळवलेलं नाही. साहेबांनी ते नीट ऐकून घेतलं आणि भिकाला पुढं बोलावलं.

"इथं दवंडी दिली होती का?"

भिकानं दगडाकडं पाहिलं, मग नवसीकडं. नवसी खाली बघत होती. 

"दिली साहेब."

"कुठं उभं राहून?"

"हितंच."

साहेबांनी लिहून घेतलं. मग ते आमच्याकडं वळले. पंचनाम्यावरच्या सह्या तुमच्याच का, विचारलं. बन्सी हो म्हणाला. मीही हो म्हणालो. दवंडी कुणाला ऐकू गेली, हे साहेबांनी विचारलं नाही. पंचनाम्यात "रहिवाशांच्या समक्ष" लिहिलेलंच होतं, आणि त्याखाली एका शिक्षकाची सही होती, मग विचारतील कशाला? मी भिकाला खोटं बोलायला सांगत होतो. मला फक्त खरं बोलायचं होतं, पाडा रिकामा होता एवढे तीन शब्द, आणि तेवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. पुढच्या महिन्यात शाळेवर पत्रे चढले. त्यांच्याखाली बसून मी अकरा वर्षं मुलांना सत्य बोला म्हणून शिकवलं.

निकाल आठ दिवसांत आला. अर्ज फेटाळला. पंधरा दिवसांत घरं काढून घ्यावीत, नाहीतर पंचायत काढील, असा हुकूम. पाड्यातल्या लोकांना मासवणच्या वाटेवरचा एक खडकाळ उतार दाखवला होता, तिथं विहीर नव्हती. हुकूम मी फळ्यावर लिहिला. आणि हुकूम म्हटल्यावर त्याची दवंडी आलीच.

भिकानं ग्रामसेवकांना विचारलं, दुसरं कुणी जाईल का. दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवशी मी त्याच्यासोबत गेलो, का ते मला आजही सांगता येणार नाही. मारुतीचं देऊळ झालं, मासळीचा ओटा झाला. ओट्यावरच्या बायकांनी या वेळी पुन्हा दे म्हणून सांगितलं नाही. शाळेचं फाटक झालं. मग आम्ही दोघं पाड्याच्या वाटेला लागलो. 

वाघोबापुढं उभं राहून त्यानं डबा वाजवला. तो आवाज ऐकून घराघरातून माणसं बाहेर आली. जिवल्या आला, लेकी-सुना आल्या, तान्ही पोरं कडेवर आली, भट्टीवरून खोकला घेऊन आलेली म्हातारी माणसं भिंतीला धरून उभी राहिली. पाड्यातलं एकूण एक माणूस हजर होतं. भिकानं हुकूम सांगितला. पदरचा एक शब्द घातला नाही. मागच्यासारखा हाही तीनदा सांगायचा होता, पण दुसऱ्या वेळी मध्येच त्याचा आवाज बसला आणि तो नुसताच डबा वाजवत राहिला.

नवसी पुढं आली. तिनं डब्यावर हात ठेवला.

"ऐकलं आमी, भिका," ती म्हणाली. "समद्यांनी ऐकलं. आता ऱ्हाऊ दे."