मस्कतला सुट्टी मागितली त्याची गोष्ट

"यू वॉन्ट लीव्ह?" साहेबानं विचारलं.

"ॲज यू से, सर." म्हणजे, तुमी म्हणाल तसं.

"गुड," साहेब म्हणाला आणि मंगळवारच्या स्लॅबला माझं नाव लिहून टाकलं.

मी मस्कतला शटरिंगचा सुतार होतो. स्लॅब ओतायच्या आधी खालून फळ्या-टेकू लावून साचा करतात, ते काम. शुक्रवारी माझ्या पोराचा फोन आला होता, "दादा, आईचं सोमवारी परभणीला ऑपरेशन हाय. सारखी तुमालाच विचारायलीय. या." आमचा फोरमन रफीकभाई पाथरीचा. त्यानं साहेबाच्या कानावर घातलं, म्हणून साहेबानं शनिवारी केबिनमध्ये बोलावलं.

आता आपल्याकडं सुट्टी कशी मिळते? ठेकेदारापुढं मान खाली घालून उभं राहायचं. तो आधी खेकसतो, "तुला आताच बरी सुट्टी लागती!" आपण गप. चहा पिऊन झाला की म्हणतो, "जा बाबा, पण लवकर ये." पहिल्या फटक्याला हो म्हणणं म्हणजे आगाऊपणा. म्हणून मी तसाच उभा राहिलो. साहेबानं वर पाहिलं.

"एनी प्रॉब्लेम?"

"नो प्रॉब्लेम, सर."

रविवारी साहेब दोनदा समोरून गेला. गुड मॉर्निंग केलं, फळ्या ठोकून पाहिल्या. मी मनात म्हटलं, आता हा परत विचारतो.

सोमवारी सकाळी रफीकभाई खवळला. "मामू, साहब पूछे तो हां बोलना था ना! निकाह है क्या, तीन-तीन बार पूछने कू?"

गेलो. "वाइफ सिक. ऑपरेशन टुडे. आय गो."

साहेब खुर्चीतून उठलाच. शनिवारी का नाही बोललास, म्हणाला. तासाभरात तिकीट हातात ठेवलं. इतका भला माणूस, की राग धरायलाबी जागा ठेवली न्हाई.

मंगळवारी दुपारी परभणीच्या दवाखान्यात पोचलो. सुमन पहाटेच गेली होती. पोरगा म्हणाला, "रविवारी लय बोलली, दादा."

परत कामावर गेलो तर कंपनीनं एक फॉर्म दिला. सुट्टी वेळेवर मिळाली का? मी 'येस'वर खूण केली. खोटं कशाला लिहू? मागितली आणि तासाभरात मिळाली. मागायला दोन दिवस लागले, त्याचा रकाना फॉर्मात नव्हता.

आता गावातली पोरं तिकडं जायलेत. बॅगेत काय न्यावं ते मला विचारतात. मी म्हणतो, काहीबी न्या, पण साहेबानं विचारलं की तोंड उघडून हो म्हणा. तिकडं एकदाच विचारतात.