पडीक कोपऱ्याची सफाई

रायपूरजवळच्या आमच्या स्टील प्लांटच्या गावाबाहेर, मरोद्याच्या पुढे जुन्या मालगुजारांची एक बाडी आहे, घर आणि भोवती बाग. रिटायर झाल्यापासून मी आणि बायको दर रविवारी स्कूटरवर तिथं जातो. मालकीण सत्तरी ओलांडलेली, एकटीच राहते. फाटक उघडते, चहा पाजते आणि म्हणते, "घूम ले बेटा, जी भर के."

आमराई, गुलाबाचे वाफे पाहून झाले की बायको एका कोपऱ्याशी जाऊन बसते. तिथं कुणी कधी हात लावलेला नव्हता. पावसाळ्यात तेरडा, कुर्डू, तरोट्याची पिवळी फुलं, कडेनं कांसाचे पांढरे तुरे. बायको हरखून जायची, मला मात्र तो कोपरा खुपायचा. माझी उभी नोकरी प्लांटमध्ये गेली. इन्स्पेक्शन म्हटलं की आदल्या दिवशी गवत साफ, बुंध्यांना चुना-गेरू. रान माजलेलं दिसलं की अजून हात शिवशिवतात.

यंदा मालकिणीचा एकुलता मुलगा रायपूरच्या दवाखान्यात भरती झाला. हृदयाचं ऑपरेशन ठरलं. बाडीची चावी विश्वासानं आमच्याकडे देऊन ती तिकडे गेली. म्हटलं, बिचारी परत येईल तेव्हा जरा बरं वाटेल असं काही करावं. बायकोला न सांगता ट्रॅक्टरवाला गाठला.

कोपऱ्याशी येऊन तो थांबला. "साहब, ये वाला भी?"

"यही वाला. और गहरा!"

वर कडेच्या दगडांना मी स्वतः चुना मारला.

मालकीण आली तेव्हा मी शाबासकीच्या तयारीत उभा. तिनं त्या काळ्या ढेकळांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"नांगर चलाय हस, बेटा?"

"दो बार!" मी छाती फुगवून सांगितलं.

ती मटकन चुन्याच्या दगडावर बसली. बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, परवा कमरछठ आहे! इथल्या बाया लेकरासाठी उपास करतात. नांगर लागलेल्या जमिनीतलं खात नाहीत, तिच्यावर पाय ठेवत नाहीत. त्यासाठीच तर आई रायपूरहून आल्या. पोरगा झाल्यापासून आई याच कोपऱ्यात पूजा करून राहिल्या, इथलीच भाजी खाऊन राहिल्या. अन् तुमी ऑपरेशनच्या तोंडावर नांगर फिरवला!"

"मंग मले कावून नाही सांगितलं?"

"तुमी विचारलं होतं का मले?"

असल्या उपास-तापासांविरुद्ध मी एरवी चौकात उभा राहून तासभर भाषण देतो. त्या दिवशी मात्र नजरेसमोर एकच चित्र होतं. तिकडे तो मुलगा खाटेवर, आणि इथं मी त्याच्या आईचं व्रत ट्रॅक्टरखाली घातलेलं.

"बाजारातून आणतो की भाजी," मी पुटपुटलो. दोघींनी अशा काही नजरेनं पाहिलं की मी चुन्याची बादली उचलून बाजूला झालो.

थोड्या वेळानं बायको म्हणाली, "आई, कोहक्याले आमच्या घरी चला. मागची जागा तशीच पडली आहे."

"उहाँ नांगर?"

"नांगर? या माणसानं तिथं कुदळसुद्धा मारली नाही! प्लांटची शिस्त घरी कोण आणते?"

मालकीण पहिल्यांदा हसली.

कमरछठच्या दिवशी ती आली. आमच्या घरामागच्या रानात कंबरेतून वाकून तिनं तरोट्याचा कोवळा पाला खुडला. गल्लीतल्या बायका जमल्या, लहानसा खड्डा खणून पाणी भरलं, भोवती कांस खोवला. पूजा झाल्यावर आया पांढऱ्या मातीत भिजवलेलं फडकं आपापल्या लेकरांच्या पाठीवर मारायला लागल्या, आयुष्य वाढावं म्हणून. मालकिणीनंही फडकं भिजवलं आणि ते हातात धरून नुसती उभी राहिली. तिचं लेकरू रायपूरला.

मी मान वळवली, तोच पाठीवर फडक्याची एक धप्पकन बसली! चांगली सणसणीत. मी किंचाळलोच.

"ये तोर नांगर बर," ती म्हणाली, म्हणजे हा फटका माझ्या नांगरापायी. मग तेच ओलं फडकं मोहाच्या पानात गुंडाळलं. "अब चल रायपुर. बेटा ला मारना हे."

शेजाऱ्याची गाडी मागायला मी तसाच पळालो, ओला सदरा पाठीला चिकटलेला.