मागून चालणारी

लग्नात चर्चच्या पाळकांनी बायबलातून वाचून दाखवलं की बायकोने नवऱ्याच्या अधीन असावं. अधीन म्हणजे नेमकं काय, हे विचारायची मला लाज वाटली. मी मनाशी ठरवून टाकलं, मागे चालायचं.

आमच्या डोंगराकडच्या पायवाटेवर मागेच चालतात. पुढचा काठीने गवत हलवतो, साप असला तर निघून जावा म्हणून. पण नवापूरच्या बाजाराला जाताना हायवे लागायचा. तिथे दोन बैलगाड्या शेजारी जातील एवढी जागा, तरी ही महाराणी मागेच. ते थांबायचे, मीही थांबायचे. ते वळून बघायचे, मी डांबराकडे. एकदा कोंबड्यांच्या टेम्पोवाल्याने हळू होऊन विचारलं, "भांडण झालंय का रे?"

"नाही भाऊ," हे म्हणाले, "भक्ती चाललीय."

तेव्हा मी हसले असते तर सुटले असते. मी मान आणखी खाली घातली. वाटायचं, देव वरून कौतुकाने बघतोय.

म्हातारपणी त्यांना लकवा झाला, तेव्हा आम्ही पहिल्यांदा शेजारी चाललो. खाटेपासून न्हाणीपर्यंत, त्यांचा हात माझ्या खांद्यावर.

"आज मागे नाही?" जीभ जड झालेली, टोमणा मात्र धारदार.

"पडाल म्हणून."

"मग आधीच पडायला हवं होतं."

या पावसाळ्यात ते गेले. नात आली. ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात ग्रीक शिकते. तिला तो 'अधीन' शब्द विचारला.

"मूळ क्रियापद हुपोतास्सो, आजी. हुपो म्हणजे खाली, तास्सो म्हणजे जागेवर लावणं. पण इथलं रूप कुणी दाबून बसवल्याचं नाही, आपण होऊन जागा घेतल्याचं, असं आमच्या मॅडम शिकवतात. आणि बायकांच्या ओळीत तर सगळ्यात जुन्या प्रतींत क्रियापदच नाही. ते आधीच्या ओळीतून घ्यायचं. तिथे 'एकमेकांच्या' असं आहे."

"म्हणजे नवऱ्यानेही?"

"दोघांनी."

मला हायवेवर थांबलेले ते दिसले. भर उन्हात, पिशवी या हातातून त्या हातात घेत, मी येईन म्हणून.

संध्याकाळी कब्रस्तानाकडे निघालो. वाट अरुंद, गवत गुडघ्याएवढं. नात माझ्या मागे चालू लागली.

"शेजारी ये."

"जागा कुठंय, आजी?"

"गवतात पाय टाक," मी म्हटलं आणि तिच्या बाजूचं गवत त्यांच्या काठीने हलवलं.