टॅबवाले अण्णा

विरूपाक्षअण्णा संगणकावर कधी पुरता शब्द लिहीत नसत. दोन अक्षरं टाइप करून टॅबचं बटण दाबायचं, उरलेलं मशीन भरून देई. हुलसूरच्या आमच्या कॉलेजात ते लॅब सांभाळत. नवख्यांना म्हणत, "सगळं आपुनच लिवायचं तर ह्याला करंट कामून पाजायचा?"

मी तिथे नवी शिक्षिका. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी मला सर्व्हरला एक रिकामी डिस्क जोडायची होती. कुठल्या फोल्डरवर, ते लिहिताना अण्णांसारखंच टॅब दाबलं, मशीननं मुलांच्या प्रकल्पांच्या फोल्डरचं नाव भरलं आणि मी ते न वाचता एंटर केलं. मुलांचे वर्षभराचे सगळे प्रकल्प गायब झाले. शेजारच्या खोलीत कलबुर्गीहून आलेले परीक्षक उप्पीट खात होते. मी रडतच अण्णांना बोलावलं.

त्यांनी पडदा पाहिला, मग मला. "रडायलीस कामून, अक्का? भाकरीच्या टोपल्यावर रिकामं ताट झाकलंस. भाकरी कुठं जाती?"

डिस्क सोडवायला त्यांनी टॅब दाबलं, तर मशीननं जोडलेल्या आणि न जोडलेल्या सगळ्याच डिस्कांच्या नावांची यादी पुढे केली. आमच्या डिस्कच्या नावात मधे मोकळी जागा होती, तिथे ते नाव अर्ध्यावरच तुटलं. अण्णांना अख्खं नाव एका बोटानं लिहावं लागलं. प्रकल्प जागच्या जागी सापडले, परीक्षा पार पडली. पण ते लिहिणं त्यांना फार लागलं. मी प्राचार्यांकडे चूक कबूल करायला निघाले, तर अण्णा म्हणाले, "चूक तुझी न्हाई. यादीची हाय."

ती यादीच त्यांनी दुरुस्त केली. सोडवताना फक्त जोडलेलं दिसावं, जोडताना फक्त मोकळं, आणि नाव तुटू नये. मग टॅबच्या अशा याद्या जगभरासाठी फुकट सांभाळणाऱ्यांकडे ते पाठवलं. तिथल्या कुणी परदेशी माणसानं तीनदा परत धाडलं. "पाव्हणा लई चिकट हाय," अण्णा म्हणत, "पर खरं बोलायलाय." चौथ्यांदा स्वीकारलं गेलं, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. "जोडायचं-सोडायचं काम मार्गी लागलं," एवढं ऐकून प्राचार्यांनी नातीची सोयरीक जमल्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. अण्णांनी तेही घेतलं.

ते निवृत्त होऊन कोहिनूरला शेतावर गेले. दोन वर्षांनी कॉलेजात नवी मशीनं आली. मी टॅब दाबलं. कुणी काही न बसवता अण्णांनी दुरुस्त केलेली यादी नेमकी आली. लगेच त्यांना फोन केला.

"मधे जागा असलेलं नाव?"

"पुरतं येतंय, अण्णा."



"मग आता मला इचारायची गरज न्हाई तुला," ते हळूच म्हणाले. "ठेव फोन. तुरीला पाणी सोडायलोय."